अ म्हणजे किती?

या वेळी आलेल्या पत्रांचा गठ्ठा वाचताना लक्षात आलं, की बहुतेक पत्रं एकाच उंबरठ्यावरून आलेली आहेत. अंकगणित संपतं, बीजगणित सुरू होतं आणि वहीत आकड्यांच्या रांगेत पहिल्यांदा अक्षर येऊन बसतं, तो हा उंबरठा. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीचशी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना. त्यामुळे या जागी मुलं कुठे अडखळतात ते मी फार जवळून पाहिलं आहे. या अंकातली सगळी जागा त्याच पत्रांना देते.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पाढे पाठ आहेत, अपूर्णांक येतात, तोंडी हिशोब माझ्याआधी करते. पण बीजगणित सुरू झाल्यापासून वही उघडली की रडकुंडीला येते. परवा ‘अ + ७’ पाशी थांबून म्हणाली, “आई, अ म्हणजे किती ते आधी सांग.” मी म्हटलं, “ते माहीत नाही, म्हणून तर अ लिहिलंय.” त्यावर ती म्हणाली, “मग मी उत्तर कसं काढू?” मी गप्प बसले. काय सांगायला हवं होतं?

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो विचारला म्हणून आधी तिचं कौतुक करा. पुष्कळ मुलं हा प्रश्न मनातच ठेवतात आणि अक्षराला गुपचूप कुठलीतरी किंमत देऊन मोकळी होतात. अ हे पहिलं अक्षर म्हणून अ = १, ब = २ असं धरून सगळा स्वाध्याय सोडवलेल्या वह्या मी तपासल्या आहेत.

तिची अडचण अक्षराची आहे असं वाटतं, पण खरी अडचण ‘उत्तर’ या शब्दाची आहे. आजवर तिच्यासाठी गणित म्हणजे ‘करून टाक’ असा हुकूम होता. ८ + ७ दिसलं की १५ लिहायचं आणि पुढे जायचं. बरोबरचं चिन्हही तिला ‘आता उत्तर लिही’ असंच वाचायची सवय आहे. खात्री करायची असेल तर तिला ८ + ४ = □ + ५ एवढंच कागदावर लिहून द्या. चौकटीत ती १२ लिहील, कदाचित १७ सुद्धा. ७ लिहिलंच, तर तिचं निम्मं बीजगणित झालं असं समजा. ज्या मुलाला बरोबरच्या दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या दिसत नाहीत, त्याला ‘अ + ७’ हे अर्धवट सोडलेलं गणितच वाटणार.

आता घरी हे करून पाहा. एका कागदावर दोन रकाने आखा, एकात तिचं वय आणि दुसऱ्यात तुमचं. तुम्ही तिच्यापेक्षा २६ वर्षांनी मोठ्या आहात असं धरते. ती जन्मली तेव्हा ० आणि २६. शाळेत जाऊ लागली तेव्हा ५ आणि ३१. आज ११ आणि ३७. ती चाळिशीची होईल तेव्हा ४० आणि ६६. हे रकाने तिलाच भरू द्या. मग विचारा, “तुझं वय मला न सांगता माझं वय सांगता येईल का?” थोडा वेळ जाईल. तुम्ही मध्ये बोलू नका. काही वेळाने ती म्हणेल, “माझं वय जितकं असेल, त्यात सव्वीस मिळवायचे.”

हे वाक्य तिच्या तोंडून आलं, की बीजगणित आलं. उरतं ते फक्त लिखाण. ‘माझं वय जितकं असेल’ हे दर वेळी लिहायला लांब पडतं, म्हणून त्या चार शब्दांच्या जागी अ लिहायचा. अ + २६. आता तिलाच विचारा, याचं उत्तर काय? तिला दिसेल की अ + २६ हेच उत्तर आहे. ते तुमचं वय आहे, सगळ्या वर्षांचं एकदम. त्यात ‘२६ मिळव’ ही कृती आहे आणि मिळवून येणारी संख्याही आहे. एकच गोष्ट कृती आणि फळ दोन्ही आहे, हे मनात उतरायला वेळ लागतो. तो वेळ तिला द्या.

हे ‘जितकं असेल तितकं’ मी माझ्या मनचं सांगत नाही. आपल्याकडच्या जुन्या गणितींनी अज्ञात संख्येला नाव दिलं ते ‘यावत्तावत्’, म्हणजे अक्षरशः जितकं-तितकं. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० सालचा. त्याच्या ‘बीजगणित’ या भागात यावत्तावत् या शब्दाचं पहिलं अक्षर ‘या’ अज्ञातासाठी येतं आणि नुसत्या संख्येसाठी ‘रूप’ या शब्दातलं ‘रू’. आज आपण ५अ + ४ लिहितो, ते त्या पद्धतीत ‘या ५ रू ४’ असं होई. दुसरं अज्ञात आलं तर रंगांची नावं घेत. कालक, नीलक, पीतक, म्हणून का, नी, पी. त्याच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी अज्ञातांना ‘वर्ण’ म्हणजे रंग म्हटलं होतं. या लोकांनी आधी वाक्य बोललं आणि मग ते आखूड करून लिहिलं. मुलांनाही त्याच वाटेने न्यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी या वर्षी पहिल्यांदाच शिकवतो आहे. पुस्तकात धड्याची सुरुवात चल, स्थिर पद, सहगुणक, बैजिक राशी यांच्या व्याख्यांनी होते. मी त्या फळ्यावर लिहिल्या, मुलांनी उतरवून घेतल्या, पाठही केल्या. पण ‘चल म्हणजे काय’ हे स्वतःच्या शब्दांत एकालाही सांगता आलं नाही. पहिला तास कसा घ्यावा?

व्याख्या शेवटी घ्या. ज्या वस्तूची ओळखच झाली नाही तिचं नाव पाठ करून काय मिळणार? सुरुवातीची काही वर्षं मीही ‘समजा क्ष’ असं म्हणूनच धडा सुरू करत असे. कशासाठी समजायचं ते मुलांना कळत नसे, आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. त्या मुलांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

वर्गात काड्या घेऊन जा. चार काड्यांचा एक चौरस मांडा. त्याला चिकटून दुसरा मांडायचा, पण मधली काडी सामाईक, म्हणजे आणखी तीनच काड्या लागतात. तिसराही तसाच. आगगाडीच्या डब्यांसारखी रांग होते. चौरस १, २, ३, ४ आणि काड्या ४, ७, १०, १३. इथपर्यंत मुलं हाताने मांडून मोजतात.

मग विचारा, दहा चौरसांना किती? काही जण मांडतात, काही वहीत तीन-तीन मिळवत जातात. ३१ येतात. आता काड्या गोळा करून ठेवा आणि विचारा, शंभर चौरसांना किती? हा प्रश्न या तासाचा कणा आहे. शंभर मांडता येत नाहीत आणि तीन-तीन मिळवत जाणं कंटाळवाणं होतं, म्हणून मुलाला रचनेकडे पाहावंच लागतं. इथे घाई करू नका. मी एकदा या प्रश्नावर अर्धा तास थांबले होते आणि तो अर्धा तास मला पुढे दोन महिने पुरला.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. एक मुलगी म्हणाली, पहिली काडी उभी ठेवली की प्रत्येक चौरसाला तीनच काड्या लागतात, म्हणून तीनशे आणि एक. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, नाही, पहिल्या चौरसाला चार आणि उरलेल्या नव्याण्णवांना तीन-तीन. तिसऱ्याने रांगेच्या वरून बोट फिरवलं आणि म्हणाला, वर शंभर, खाली शंभर आणि उभ्या एकशे एक. एका अबोल मुलीने वहीत वेगळंच लिहिलं होतं. सगळे चौरस सुटे धरले तर चारशे, पण जोडताना नव्याण्णव काड्या दोनदा मोजल्या गेल्या, त्या काढून टाकायच्या. चौघांचंही उत्तर ३०१.

मग मी म्हटलं, “शंभराच्या जागी कितीही चौरस असू देत. म चौरस.” त्यांनी आपापलं बोलणं तसंच ठेवून फक्त शंभर खोडले. फळ्यावर चार राशी, म्हणजे अक्षरं आणि संख्या यांच्या चार मांडण्या, उभ्या राहिल्या.

३म + १
४ + ३(म − १)
म + म + (म + १)
४म − (म − १)

दिसायला एकीसारखी दुसरी नाही. एकाने विचारलं, “बाई, यातली बरोबर कुठली?” दुसरा म्हणाला, “पाच घालून बघू.” चारही ठिकाणी १६ आले. मग दहा घातले, ३१ आले. आणि मग, मी काही न सुचवता, एका मुलीने विचारलं की नेहमीच सारखं येईल हे कशावरून. त्या क्षणी ‘सरूप पदांची’ म्हणजे एकाच अक्षराच्या पदांची ‘बेरीज’ आणि ‘कंस सोडवणे’ हे धडे वर्गाला हवेसे झाले. पुढच्या तासाला आम्ही चारही राशी सोप्या केल्या आणि चारही ३म + १ वर येऊन थांबल्या. नियमाची गरज पडल्यावर नियम आला, तर तो राहतो.

एक खड्डा मात्र आधीच सांगून ठेवते. काही मुलं ४, ७, १०, १३ ही रांग पाहून ‘म + ३’ लिहितात. त्यांना एका संख्येवरून पुढची संख्या कशी येते ते दिसलेलं असतं, चौरसांवरून काड्या कशा येतात ते दिसलेलं नसतं. चूक म्हणून काट मारू नका. म = १० घालायला सांगा. १३ येतात. दहा चौरस तेरा काड्यांत होतील का, एवढंच विचारा.

आणि चौरसांची संख्या म्हणून मी ‘च’ हे अक्षर मुद्दाम घेत नाही. का, ते खालच्या एका उत्तरात येईल.

दोन-तीन तासांनंतर मुलांना सांगा, की हा म कुठलीही किंमत घेतो म्हणून त्याला चल म्हणतात, + १ तसाच राहतो म्हणून तो स्थिर, आणि म ला गुणणारा ३ हा त्याचा सहगुणक. पाठ करायला लावू नका. नाव ठेवायचं बाकी होतं, ते ठेवलं, इतकंच.

प्रश्न : बाई, मी परीक्षेत ५अ + ३ = ८अ लिहिलं आणि ते चूक दिलं. ५ आणि ३ मिळून ८ च होतात ना? दुसऱ्या गणितात अ = ४ दिलं होतं आणि ३अ विचारलं होतं. मी ३४ लिहिलं, तेही चूक. मला बीजगणित जमणारच नाही का?

जमेल. तुझ्या दोन्ही चुका विचार करणाऱ्या मुलाच्या आहेत, त्यामुळे मी सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बस.

पाच काड्यापेट्या समोर ठेव. प्रत्येकीत सारख्याच काड्या आहेत, पण किती ते आपण पाहिलेलं नाही. ती संख्या म्हणजे अ. शेजारी तीन सुट्या काड्या ठेव. या सगळ्या मिळून ५अ + ३. आता ८अ म्हणजे काय? आठ बंद पेट्या. तुझ्यासमोर आठ पेट्या आहेत का? पाचच आहेत. सुट्या तीन काड्यांच्या तीन पेट्या कशा होतील?

पटलं असेल तरी तपासून पाहा, कारण गणितात माझ्या सांगण्यावर काहीच ठेवायचं नाही. अ = २ घे. ५अ + ३ ची किंमत १३ आणि ८अ ची १६. जुळलं नाही. अ = ० घे. एकीकडे ३, दुसरीकडे ०. आता अ = १ घे. एकीकडे ८ आणि दुसरीकडेही ८! इथे पुष्कळ जण फसतात. तपासायला सोपी म्हणून १ ही संख्या घेतात, ती नेमकी जुळते, आणि चुकीचं उत्तर बरोबर वाटतं. दोन राशी एका किमतीला जुळल्या म्हणून त्या सारख्या ठरत नाहीत. पण एका जरी किमतीला जुळल्या नाहीत, तर त्या वेगळ्या आहेत हे पक्कं ठरतं. तपासताना ७ किंवा १० अशी संख्या घेत जा.

५अ + ३अ असतं तर मात्र ८अ बरोबर होतं. पाच पेट्या आणि तीन पेट्या, आठ पेट्या. तुझी बेरीज बरोबर होती, ती लावलीस ती जागा चुकली.

आता ३४ चं पाहू. आजवर दोन अंक शेजारी लिहिले की डावीकडचा दशक असतो हे तू शिकलास, म्हणून तू ३ च्या शेजारी ४ ठेवलास. बीजगणितात संख्या आणि अक्षर शेजारी आले, तर मध्ये गुणाकाराचं चिन्ह आहे असं समजायचं. ३अ म्हणजे ३ × अ, म्हणून ३ × ४ = १२. शेजारी लिहिण्याचा अर्थ तू आणखी एके ठिकाणी बदललेला पाहिला आहेस. ३½ मध्ये ३ आणि ½ यांची बेरीज असते. म्हणजे ३४ मध्ये स्थान, ३½ मध्ये बेरीज, ३अ मध्ये गुणाकार. मोठ्यांनी ठरवलेल्या या तीन वेगळ्या रीती आहेत आणि त्या तुला कुणी एकत्र सांगितल्या नसतील, तर गोंधळ होणं साहजिक आहे. अक्षराच्या जागी संख्या घालताना काही दिवस कंस करत जा, ३(४). चूक आपोआप थांबेल.

प्रश्न : मी घरी शिकवण्या घेतो. सरूप पदं समजावताना व म्हणजे वही आणि प म्हणजे पेन असं सांगतो. ३व + २प म्हणजे तीन वह्या आणि दोन पेनं, त्यांची बेरीज होत नाही. मुलांना पटकन समजतं. पण एका सहकाऱ्याचं म्हणणं, की हे चूक आहे. इतकं सोपं पडतं ते चूक कसं?

तुमचे सहकारी बरोबर सांगतात. पहिला दिवस सोपा जातो आणि पुढची दोन वर्षं जड जातात.

अक्षर हे संख्येच्या जागी येतं, वस्तूच्या जागी येत नाही. व म्हणजे वही असं एकदा मनात बसलं, की व × प समोर आल्यावर मूल काय समजणार? वही गुणिले पेन? आणि व चा वर्ग? शिवाय वह्या आणि पेनं वेगळ्या वस्तू असतात, म्हणून मुलांना वाटतं की वेगळी अक्षरं म्हणजे किमतीही वेगळ्याच हव्यात. खरं तर व आणि प दोन्ही ५ असू शकतात.

सगळ्यात मोठं नुकसान समीकरण मांडताना होतं. मुलांना हे वाक्य देऊन पाहा. एका शाळेत दर शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत, शिक्षकांची संख्या श आणि विद्यार्थ्यांची संख्या व, तर समीकरण लिहा. बरीच मुलं ३०व = श लिहितील. ‘तीस विद्यार्थ्यांना एक शिक्षक’ हे ती जसंच्या तसं, वस्तूंच्या नावांनी, उतरवतात. पण शिक्षक १० असतील तर विद्यार्थी ३०० होतात, म्हणजे लहान संख्येला तीसने गुणायला हवं : व = ३०श. अशीच उलटापालट अमेरिकेत विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडूनही होते, असं १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तिथे एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी होते, आणि तिघांतल्या एकाहून अधिक जणांचं समीकरण चुकलं. इतकी ही सवय चिवट आहे.

तुमच्या वह्या टाकून देऊ नका, फक्त वाक्य बदला. ‘व = एका वहीतल्या पानांची संख्या’. मग ३व म्हणजे तशा तीन वह्यांमधली पानं, ३व + २० म्हणजे त्यांत वीस सुटी पानं घातली. माझ्या वर्गात एक नियम होता. अक्षर वापरायच्या आधी ते कशाची संख्या आहे हे पूर्ण वाक्यात लिहायचं, आणि त्या वाक्यात ‘संख्या’ हा शब्द किंवा एकक आलंच पाहिजे. नुसतं ‘श = शिक्षक’ लिहिलेलं मी परत लिहायला लावत असे. मुलं कुरकुर करत, पण मी त्यात कधी सूट दिली नाही. नव्या मुलांसमोर वस्तूच्या नावाचं पहिलं अक्षरही मी घेत नाही. चौरसांसाठी च घेतला नाही, तो याचमुळे.

प्रश्न : शाब्दिक उदाहरणावरून राशी लिहिताना माझ्या वर्गातली मुलं हमखास चुकतात. ‘पाचने जास्त’ आणि ‘पाचपट’ यांतही गोंधळ करतात. काही उपाय?

गणिताचा तास थोडा वेळ भाषेचा करा. ‘ने’ आणि ‘पट’ या दोन टोकांवर मुलांची नजर स्थिर झाली, की निम्म्या चुका जातात. ‘अ पेक्षा पाचने जास्त’ म्हणजे अ + ५, ‘अ च्या पाचपट’ म्हणजे ५अ. वजाबाकीत ‘मधून’ कुणाला लागलं आहे ते पाहायचं. ‘अ मधून २०’ हे अ − २०, ‘२० मधून अ’ हे २० − अ. हे शब्द मुलांकडून रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करून घ्या.

खरी मजा कंसात आहे. ५अ + ३ आणि ५(अ + ३) या दोन राशी फळ्यावर लिहा आणि मुलांना मोठ्याने, साध्या मराठीत वाचायला सांगा. सुरुवातीला दोन्ही ‘पाच अ अधिक तीन’ अशाच वाचल्या जातात. मग विचारा, ऐकणाऱ्याला फरक कसा कळणार? थोड्या धडपडीने वर्ग स्वतःच शब्द शोधतो. पहिली, ‘अ च्या पाचपटीत तीन मिळवले’. दुसरी, ‘अ आणि तीन यांच्या बेरजेची पाचपट’. ते ‘यांच्या’ म्हणजेच कंस. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे शोधून काढलं आणि त्यानंतर मी ते दर वर्षी वापरलं. राशीवरून वाक्य आणि वाक्यावरून राशी, दोन्ही दिशांनी रोज पाच मिनिटं पुरतात.

प्रश्न : लहान वर्गांत चौकट असते, ३ + □ = ८. तीच पुढे का चालू ठेवत नाहीत? आणि क्ष च का?

चौकट चांगली आहे, अक्षराआधी ती यावीच. पण चौकटीत एकदा ५ भरले की तिचं काम संपतं. ३म + १ मधला म भरायचा नसतो, तो मोकळाच ठेवायचा असतो. शिवाय दोन-तीन अज्ञातं आली की कुठली चौकट कुठली, हे सांगणं अवघड होतं.

क्ष ला काही विशेष अधिकार नाही. ज्ञात आणि अज्ञात दोन्हींसाठी अक्षरं वापरायची पद्धत फ्रान्समधल्या व्हिएत यांनी १५९१ साली मांडली. ज्ञातासाठी वर्णमालेच्या सुरुवातीची आणि अज्ञातासाठी शेवटची अक्षरं ही प्रथा देकार्त यांच्या १६३७ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. आपल्या पुस्तकांत त्यांच्या शेवटच्या अक्षरांच्या जागी क्ष, य आले. मुलांना अक्षरं मधूनमधून बदलून द्या, म्हणजे क्ष हे कुणाचं तरी नाव आहे असं त्यांना वाटणार नाही.

प्रश्न : वय ६८. नातवाला मी एक गंमत घालतो. मनात एक संख्या धर, तीन मिळव, दुप्पट कर, चार वजा कर, निम्मं कर, धरलेली संख्या वजा कर. एक उरला! तो दर वेळी चकित होतो. आता तो विचारतो, “आजोबा, तुम्हाला कसं कळतं?” मला युक्ती येते, कारण येत नाही.

आजोबा, तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला. या वयाच्या मुलासाठी बीजगणिताची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण त्याला कारण हवंसं झालेलं आहे.

एकसारखी दोन बंद पाकिटं आणि मूठभर चिंचोके, खडे किंवा बटणं घ्या. त्याने मनात धरलेली संख्या म्हणजे एक पाकीट. ते उघडायचं नाही. तीन मिळवले, म्हणजे एक पाकीट आणि तीन खडे. दुप्पट केली, दोन पाकिटं आणि सहा खडे. चार वजा केले, दोन पाकिटं आणि दोन खडे. निम्मं केलं, एक पाकीट आणि एक खडा. धरलेली संख्या वजा केली, म्हणजे पाकीट उचलून बाजूला ठेवलं. समोर उरला एक खडा. पाकिटात काय होतं याने काही फरक पडला नाही, कारण ते शेवटी निघूनच गेलं.

हे त्याच्या हातून दोन-तीनदा झालं, की प्रत्येक पायरीशेजारी कागदावर लिहा : अ, अ + ३, २अ + ६, २अ + २, अ + १, १. अक्षर म्हणजे पाकिटाची खूण, इतकं सांगितलं तरी पुरे. मग त्याला ०, ½, हजार अशा संख्या धरून पाहायला सांगा.

त्यानंतर त्याला एक काम द्या. शेवटी १ ऐवजी ५ उरायला हवे असतील, तर ‘चार वजा कर’ या पायरीच्या जागी काय म्हणायचं? पाकिटं आणि खडे त्याच्याकडेच राहू द्या. त्याला उत्तर सापडलं की त्याने ती नवी गंमत तुम्हाला घालावी, आणि या वेळी संख्या तुम्ही मनात धरावी.